झडती, अटक आणि राज्यघटना : एका न्यायतत्त्वाची चिकित्सा

पोलिसांच्या अधिकारांवर राज्यघटनेने घातलेल्या मर्यादांची चर्चा भारतात बहुधा अटकेपासून सुरू होते आणि अटकेपाशीच संपते. याचे कारण घटनेच्या मजकुरातच आहे. अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविली पाहिजेत, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासास लागणारा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, ही बंधने अनुच्छेद २२ मध्ये स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. झडतीविषयी मात्र मूलभूत हक्कांच्या भागात एक अक्षरही नाही. या मौनाचा अर्थ काय लावावयाचा, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली एक उत्तर दिले आणि २०१७ साली ते बदलले. परंतु जुन्या उत्तराच्या आधारावर १९७३ साली जो पुराव्याचा नियम उभारला गेला, तो मात्र आजही तसाच लागू आहे. बेकायदेशीर झडतीत सापडलेली वस्तू प्रस्तुत असेल तर ती पुराव्यात घेता येते, असा हा नियम. त्याचा घटनात्मक आधार नाहीसा झाला असता तो टिकावा काय, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

१

प्रथम त्या मौनाचा इतिहास पाहणे अवश्य आहे. १९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत, लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना गैरवाजवी झडतीपासून व जप्तीपासून संरक्षण असावे आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, अशा आशयाचे कलम होते. अमेरिकन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीशी त्याचे नाते उघड आहे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढेही असे कलम आले. तेव्हा घटना सल्लागार बी. एन. राव यांनी अशी शंका घेतली की, न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय झडतीच होऊ नये असा त्याचा अर्थ झाल्यास पोलिसांच्या तपासाच्या अधिकारास गंभीर बाध येईल. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही त्यास विरोध होता. परिणामी हे कलम मसुद्यात राहिले नाही.

पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तोच विषय दुरुस्तीच्या रूपाने संविधान सभेपुढे आणला. डॉ. आंबेडकरांचे त्यावरील उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. असे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासूनच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तथापि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट ठरेल, असे म्हणून दुरुस्ती स्वीकारण्याची तयारीही दर्शविली. मतदानाअंती मात्र ती नामंजूर झाली. अटकेच्या बाबतीत निराळे घडले. यथोचित विधिप्रक्रियेची हमी मसुद्यातून वगळली गेल्यामुळे जी पोकळी निर्माण झाली, ती काही अंशी तरी भरून निघावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी अटकेसंबंधीचे नवे कलम मांडले. तेच पुढे अनुच्छेद २२ झाले.

संविधान सभेने झडतीवरील मर्यादा हे तत्त्वच नाकारले, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. उपसमितीतील शंका मुख्यतः वॉरंटाच्या सक्तीपुरती होती. आणि मसुदा समितीचा अध्यक्ष तत्त्वाला अनुकूल होता. एखादे स्वतंत्र कलम नाकारले गेले म्हणून त्यातील आशय दुसऱ्या, अधिक व्यापक कलमात असूच शकत नाही, असा अर्थनिर्णयाचा नियम नाही. नेमका हाच नियम मात्र १९५४ साली गृहीत धरला गेला.

२

१५ मार्च १९५४ रोजी आठ न्यायाधीशांच्या पीठाने एम. पी. शर्मा विरुद्ध सतीशचंद्र या प्रकरणाचा निर्णय दिला. एका कंपनीच्या कारभारातील कथित अपहाराच्या तपासात चौतीस ठिकाणी झडत्या घेऊन कागदपत्रे जप्त करण्यात आली होती. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणा आरोपीवर करता येणार नाही, या अनुच्छेद २० (३) मधील हमीचा यामुळे भंग होतो, असा अर्जदारांचा मुख्य युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. झडती ही अंमलदाराची कृती आहे, घरमालक ती केवळ सहन करतो. तीमुळे त्याच्याकडून साक्ष वदवून घेतली जाते असे म्हणता येत नाही, हा त्यातील विचार सुसंगत आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

वाद आहे तो पुढील विधानाविषयी. झडतीचा अधिकार हा समाजाच्या सुरक्षिततेसाठी राज्यसंस्थेकडे असलेला सर्वोपरी अधिकार होय. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा खाजगीपणाचा हक्क घटनाकारांनी मान्य केलेला नाही, तेव्हा तो ओढूनताणून दुसऱ्याच हक्कात आणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. या विधानात तीन दोष आहेत. एक तर अनुच्छेद २० (३) चा निकाल लागण्यासाठी त्याची आवश्यकता नव्हती. दुसरे, अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर झडतीची परीक्षा तेथे झालीच नाही. तिसरा दोष तुलनेचा आहे. १७९१ साली स्वीकारलेल्या चौथ्या दुरुस्तीत गैरवाजवी झडतीची मनाई आहे; परंतु अशा झडतीतील पुराव्याचे काय करावयाचे याविषयी ती दुरुस्तीही मौनच पाळते. तो पुरावा वगळण्याचा नियम संघराज्याच्या न्यायालयांपुरता १९१४ साली आणि घटकराज्यांच्या न्यायालयांपुरता मॅप विरुद्ध ओहायो या प्रकरणात १९६१ साली न्यायाधीशांनीच घडविला. अर्थात् परिणामाचा उगम तेथेही मजकुरात नाही. यास्तव भारतीय घटनेत तसा मजकूर नाही, एवढ्यावरून परिणामाचा प्रश्न निकालात निघत नाही.

या विधानाने निर्माण केलेली अडचण खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणाच्या १८ डिसेंबर १९६२ च्या निर्णयात स्पष्ट दिसते. पाळतीवर ठेवलेल्या व्यक्तीच्या घरी रात्री जाऊन पाहण्याचा पोलिसांचा अधिकार बहुमताने अनुच्छेद २१ खाली अवैध ठरविला. मध्यरात्री दार ठोठावले जाऊ नये, हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्याच निर्णयात खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असे सांगून पाळतीचे इतर प्रकार वैध ठरविले. ज्या तत्त्वावर पहिला निष्कर्ष उभा आहे, त्याच तत्त्वाचा दुसऱ्यात इन्कार आहे. न्या. सुब्बा राव व न्या. शहा यांच्या भिन्नमताने ही विसंगती टाळली. त्यांच्या मते संपूर्ण पाळतच घटनाबाह्य होती.

३

आता पुराव्याच्या नियमाकडे वळावयास हरकत नाही. वॉरंटाशिवाय झडती घ्यावयाची तर अंमलदाराने आपल्या समजुतीची कारणे आधी लेखी नोंदवावीत, कशाचा शोध घ्यावयाचा ते शक्य तितके नमूद करावे आणि त्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी, ही अट जुन्या संहितेच्या कलम १६५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये ती कायम आहे. राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कारणे नोंदविणे ही केवळ औपचारिकता नसून तिच्या अभावी झडती बेकायदेशीर ठरते आणि अशा झडतीस अडथळा करणारा अपराधी ठरत नाही, असे सांगितले. पुढे राधाकिशन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात, झडती बेकायदेशीर असल्यास दोनच परिणाम संभवतात असे म्हटले : घरमालक तिला विरोध करू शकतो, आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक बारकाईने तपासू शकते. यापलीकडे काही नाही.

या दोन परिणामांचे व्यवहारातील मूल्य तपासून पाहण्यासारखे आहे. झडतीच्या वेळी घरमालकासमोर सशस्त्र अंमलदार उभा असतो. त्याच्या डायरीत कारणे नोंदविली आहेत की नाहीत हे घरमालकास ठाऊक नसते. आणि त्याने अंदाजाने दार अडविले व अंदाज चुकला, तर सरकारी कामात अडथळा केल्याचा स्वतंत्र गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. याउलट न्यायालयापुढे नोंदी असतात, पंचनामा असतो, वकील असतो. बेकायदेशीरपणा शांतपणे सिद्ध करता येतो. म्हणजे जेथे हक्क बजावणे धोक्याचे आहे तेथे कायदा तो देऊ करतो, आणि जेथे तो निर्वेधपणे बजावता येईल तेथे त्यास परिणाम नाही असे सांगतो. नागरिकास न्यायालयाऐवजी दारात झगडण्यास प्रवृत्त करणारा नियम सुव्यवस्थेच्या दृष्टीनेही समर्थनीय ठरत नाही.

१४ डिसेंबर १९७३ रोजी पूरणमल विरुद्ध डायरेक्टर ऑफ इन्स्पेक्शन या प्रकरणात घटनापीठाने या नियमास घटनात्मक मान्यता दिली. प्रकरण प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम १३२ खालील झडत्यांचे होते. न्या. पालेकर यांनी लिहिलेल्या या निर्णयाचे दोन आधार आहेत. भारतीय पुराव्याच्या कायद्यात प्रस्तुतता हीच पुरावा स्वीकारण्याची कसोटी आहे, हा पहिला. घटनेत झडतीविरुद्ध कोणताही हक्क नाही, हे शर्मा प्रकरणात ठरले असल्यामुळे घटनेच्या आधारेही पुरावा वगळता येत नाही, हा दुसरा. पहिला आधार पुराव्याच्या कायद्याचा आहे आणि कायद्यापुरता तो बरोबर आहे. परंतु सामान्य कायदा मूलभूत हक्कावर मात करू शकत नाही. म्हणून त्या निर्णयाचा सगळा भार अखेरीस दुसऱ्या आधारावरच पडतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो आधार काढून घेतला. खाजगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अंगभूत भाग आहे असे ठरवून, शर्मा व खरक सिंग या दोन्ही निर्णयांतील विरुद्ध विधाने रद्द करण्यात आली. खाजगीपणावरील अतिक्रमणास कायद्याचा आधार हवा, त्याचे उद्दिष्ट रास्त हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या मानाने प्रमाणशीर हवा, ही कसोटी आता प्रत्येक झडतीस लागू होते. मग कारणे न नोंदविता, कायद्याने घातलेली अट मोडून केलेली झडती पहिल्याच पायरीवर घसरते. ती केवळ प्रक्रियेतील उणीव राहत नाही, मूलभूत हक्काचा भंग ठरते.

४

हक्कभंगास परिणाम असला पाहिजे ही कल्पना भारतीय न्यायशास्त्रास परकी नाही, हे अटकेसंबंधीच्या निर्णयांवरून दिसून येते. जोगिंदर कुमार प्रकरणात (१९९४) अटकेचा अधिकार असणे आणि तो वापरण्यास समर्थन असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तत्त्व मांडले गेले. डी. के. बसू प्रकरणात (१९९६) अटकेचा लेखी मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकास सूचना, वैद्यकीय तपासणी इत्यादी अकरा अटी घालण्यात आल्या. अर्नेश कुमार प्रकरणात (२०१४) सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करण्यास मज्जाव झाला. तथापि या सर्वांहून महत्त्वाचा टप्पा ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निर्णयाने गाठला. अटकेची कारणे लेखी न दिल्यामुळे अटकच अवैध ठरली आणि आरोपींची मुक्तता झाली. मे २०२४ मधील प्रबीर पुरकायस्थ निर्णयाने, कोणालाही लागू पडणारी ठराविक कारणे आणि त्या विशिष्ट व्यक्तीविरुद्धचे आधार यांतील फरक स्पष्ट केला. फेब्रुवारी २०२५ मधील विहान कुमार निर्णयात अनुच्छेद २२ (१) चा भंग अटकेस मुळापासून दूषित करतो असे ठरले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे, गुन्हा कोणताही असो, अटक झालेल्या व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि अटकेच्या वेळी ते शक्य नसल्यास निदान कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या दोन तास आधी दिली पाहिजेत, असे ठरविले. इंग्रजी कागदावर सही घेऊन घटनेची पूर्तता झाली असे मानण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

अर्थात् अटकेची बाजूही निर्दोष नाही. अनुच्छेद २२ चे घड्याळ अटकेपासून चालू होते. म्हणून अटकेची नोंद लांबविणे ही जुनी युक्ती आहे. रस्त्यात अडविलेला अथवा 'चौकशीसाठी' ठाण्यात बसवून ठेवलेला मनुष्य कागदोपत्री अटकेत नसतो, आणि उठून जाण्यासही मोकळा नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्स खात्याच्या एका प्रकरणात १९९० साली याचे योग्य उत्तर दिले : स्वातंत्र्यावर बंधन पडते त्या क्षणी अटक सुरू होते, अंमलदाराने नोंदविलेल्या वेळेपासून नव्हे. अमेरिकेत टेरी विरुद्ध ओहायो या प्रकरणात (१९६८) अशा अल्पकालीन अडवणुकीस घटनेच्या कक्षेत आणून, तिच्यासाठी नेमक्या व सांगता येण्याजोग्या संशयाची कसोटी ठरविण्यात आली. ती कसोटी सौम्य आहे अशी टीका झाली असली, तरी कसोटी आहे. भारतात नाकाबंदीवर अडविलेल्या नागरिकासाठी तशी स्वतंत्र घटनात्मक कसोटी घडलेली नाही. उलट नव्या संहितेच्या कलम १७२ मध्ये, पोलिसांचा आदेश न मानणाऱ्यास अडकवून ठेवून किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देण्याची तरतूद आहे. तीस अनुच्छेद २२ (१) ची बंधने लागू आहेत असाच अर्थ लावला गेला पाहिजे.

५

आता या दोन प्रवाहांची तुलना करावी. अटकेत घटनाभंग झाला तर अटक टिकत नाही; झडतीत घटनाभंग झाला तर झडतीचे फळ टिकते. या भेदाचे समर्थन करणारे तत्त्व पुट्टस्वामी निर्णयानंतर सापडत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, काही वेळा सामान्य कायद्यातील संरक्षणास घटनेतील हक्कापेक्षा अधिक बळ मिळाले आहे. अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० अन्वये, ज्याची अंगझडती घ्यावयाची त्यास राजपत्रित अधिकाऱ्यापुढे वा दंडाधिकाऱ्यापुढे झडती देण्याचा हक्क असून तो त्यास सांगितला पाहिजे. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग प्रकरणात (१९९९) पाच न्यायाधीशांच्या पीठाने, ही अट मोडल्यास सापडलेला पदार्थ बेकायदा ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे ठरविले आणि पूरणमल निर्णय तेथे लागू पडत नाही असे सांगितले. एका विशेष कायद्याच्या कलमाचा भंग पुरावा निष्फळ करतो, आणि अनुच्छेद २१ चा भंग करीत नाही, ही स्थिती घटनेच्या श्रेष्ठत्वाशी विसंगत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार प्रकरणात, कायद्याच्या अटी न पाळता केलेले दूरध्वनी-संभाषणाचे ध्वनिमुद्रण नष्ट करण्याचा आदेश दिला. पुट्टस्वामी निर्णयापासून निघणारा निष्कर्ष तेथे सरळपणे काढला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०२० साली एका कौटुंबिक वादात, खाजगीपणाचा भंग होऊनही प्रस्तुत पुरावा स्वीकारता येतो, असे मत दिले. तो वाद दोन खाजगी पक्षांतील होता, पोलिसांचा नव्हता, हा फरक येथे दुर्लक्षिता येत नाही. तथापि जुन्या नियमाची पकड त्यावरून दिसते.

पुरावा वगळण्याविरुद्धचा प्रमुख आक्षेप सर्वांस परिचित आहे. अंमलदाराच्या चुकीपायी अपराधी का सुटावा? शिवाय जप्त केलेले सोने वा शस्त्र झडती कायदेशीर असो वा नसो, तेच राहते. त्याची सत्यता कमी होत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक उणिवेसाठी पुरावा आपोआप बाद करावा असे येथे सुचविलेले नाही. परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते इतकेच की परिणाम विवेकाने ठरविला पाहिजे. परिणामच नसावा हे त्यातून सिद्ध होत नाही. विधी आयोगाने १९८३ च्या आपल्या चौऱ्याण्णवाव्या अहवालात नेमका हाच मध्यम मार्ग सुचविला होता. बेकायदेशीरपणे मिळविलेला पुरावा स्वीकारल्याने न्यायदानाची अप्रतिष्ठा होत असेल तर तो नाकारण्याचा अधिकार न्यायालयास असावा, आणि भंगाचे गांभीर्य, तो हेतुपुरस्सर होता काय, पुराव्याचे महत्त्व, तातडीची परिस्थिती यांसारख्या बाबी त्यासाठी विचारात घ्याव्यात, असा त्या शिफारशीचा आशय होता. पुराव्याचा कायदा २०२३ साली नव्याने लिहिला गेला. ही शिफारस त्यात आली नाही.

नव्या संहितेने एक स्वागतार्ह पाऊल मात्र उचलले आहे. कलम १०५ अन्वये झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. पंच नेहमीचेच आणि पंचनामा ठाण्यात बसून लिहिलेला, या जुन्या तक्रारीवर हा उपाय होऊ शकेल. परंतु चित्रण केलेच नाही तर काय, याचे उत्तर त्या कलमात नाही. कलम १६५ च्या लेखी कारणांचे जे झाले तेच चित्रणाचेही होण्याचा धोका त्यामुळे उरतो : कर्तव्य कायद्यात, आणि त्याच्या भंगाचा हिशेब कोठेच नाही. आज झडती घराच्या खोल्यांपुरती राहिलेली नाही. एका मोबाईल फोनमध्ये मनुष्याची पत्रे, हिशेब, छायाचित्रे आणि मैत्री यांचा वर्षानुवर्षांचा साठा असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, अटकेच्या वेळी सापडलेला फोन पाहण्यासही सामान्यतः वॉरंट हवे, असे याच कारणासाठी ठरविले. १९५४ साली चौतीस ठिकाणांहून जेवढे कागद गोळा झाले असतील, त्याहून अधिक मजकूर आता नाक्यावरच्या अंमलदाराच्या हाती एका क्षणात येऊ शकतो.

यास्तव पूरणमल निर्णयाचा फेरविचार मोठ्या पीठापुढे होणे आवश्यक आहे. त्या निर्णयाचा दुसरा आधार गेला असल्याचे उघडपणे मान्य करावे. झडतीतील घटनाभंग सिद्ध झाल्यावर, पुरावा का स्वीकारावा हे दाखविण्याचा भार सरकार पक्षावर ठेवावा. आणि तो स्वीकारावयाचा की नाही हे विधी आयोगाने सुचविलेल्या बाबींच्या आधारे, कारणे देऊन ठरवावे. १९४८ साली करीमुद्दीन यांनी मागितलेले संरक्षण सत्तर वर्षांच्या फेऱ्याने घटनेत आले आहे. अटकेस जो न्याय लावला गेला तोच झडतीस लावल्याशिवाय त्या संरक्षणाचा उपयोग, ज्याच्या घराची झडती होते त्याला होणार नाही.